लिफ्टमधून उतरलेली आई

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू रंगवायला बसलीस की फोन उचलत नाहीस हे एक, आणि उचललास तरी आमच्या दीड खोलीच्या घरात बोलायचं कुठे हे दुसरं. टिल्ली चार वर्षांची असली तरी तिचे कान चाळिशीतले आहेत. तिच्याविषयी कुजबुज सुरू झाली की ती हातातलं खेळणं खाली ठेवते आणि नीट मांडी घालून ऐकायला लागते. म्हणून हे पत्र.

विषय हसण्यासारखा आहे, तेव्हा आधी हसून घे. तुझा भाऊ शहरभरच्या लिफ्ट दुरुस्त करत हिंडतो आणि त्याची मुलगी लिफ्टला घाबरते. नुसती घाबरत नाही, तिची पाचावर धारण बसते. आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो हे तुला माहीत आहे. बाहेर जायचं म्हटलं की मी तिला कडेवर घेऊन सहा मजले उतरतो आणि येताना चढतो. माझे गुडघे आता माझ्याशी बोलत नाहीत. इमारतीतले लोक विचारतात, लिफ्ट बिघडली का? मी नाही म्हणतो आणि मान खाली घालून चढत राहतो.

हे सगळं तुझी भावजय चष्म्याच्या कारखान्यात परत जायला लागली तेव्हापासूनचं आहे. सकाळी ती लिफ्टमध्ये पाऊल टाकते आणि इकडे टिल्ली असा टाहो फोडते की समोरच्या मास्तरीणबाई दार उघडून बाहेर येतात. दुपारपर्यंत टिल्लीला त्याच सांभाळतात, मग मी कामावरून आलो की माझ्याकडे. संध्याकाळी आई येते तेव्हा तर आणखी गंमत. मुलगी धावत जाईल की नाही? ही माझ्या पायांमागे लपते आणि तिथून चौकीतल्या हवालदारासारखे आईला प्रश्न विचारते. माझा निळा मोजा कुठे आहे, मी कुठल्या कुशीवर झोपते, असले. फुगली आहे झालं. आई सोडून जाते म्हणून राग काढते.

पण गंमत गंमत म्हणता प्रकरण अंगाशी आलंय. मार्चच्या पहिल्या आठवड्यात हिची उमेदवारी संपते. कायम करणार आहेत. आणि ही म्हणते, मुलगी जवळ येत नसेल तर असली नोकरी काय करायची, मी नको म्हणून सांगते. हिला ते काम किती आवडतं हे मला ठाऊक आहे, म्हणून जीव थोडा थोडा होतो.

तू मुलांची भीती घालवणारी चित्रांची पुस्तकं काढतेस. अंधाराचं काढलंस, सुईचं काढलंस, न्हाव्याच्या कात्रीचंही काढलंस. एक लिफ्टचं काढ. भाचीसाठी म्हणून नाही, माझ्या गुडघ्यांसाठी म्हणून तरी.

कळावे. लोभ आहेच, त्यात भर घालावी.

तुझा,
धाकटोबा

*

दि. ९ फेब्रुवारी

चि. धाकटोबास,
अ. उ. आ.

पोटभर हसले. आता कामाचं.

एवढ्याशा गोष्टीला तुम्ही दोघं हातपाय गाळून बसलात याचं नवल वाटतं. लहान मूल ज्याला घाबरतं त्याला आधी चेहरा द्यायचा, मग त्याला थोडं वेंधळं करायचं, की मूल त्याची कीव करायला लागतं आणि भीती पळते. ही माझी कित्येक वर्षांची रीत आहे आणि ती अजून फसलेली नाही. माझ्या संपादकबाई तर म्हणतात की मला एखादा वाघ दिला तर मी त्यालाही सर्दी करून टाकीन.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी हातातलं काम बाजूला सारून बसले. सोबतच्या पुडक्यात पुस्तक आहे. एकच प्रत आहे, तेव्हा जपून हाताळा. प्रत्येक पानावर एक मजला आणि त्यावर लिफ्टची दोन कागदी दारं. बोटानं दारं उघडली की आत कोण ते दिसतं. पहिल्या मजल्यावर हत्ती, दुसऱ्यावर जिराफ मान वाकडी करून, तिसऱ्यावर पोहण्याच्या कपड्यांतलं अस्वल. पान उलटलं की दारं बंद, उघडली की नवा पाहुणा. मुलं या दारांवर जीव टाकतात. टिल्ली पहिल्याच दिवशी ती दारं फाडेल, म्हणून जाड कागद वापरलाय आणि घडीवर आतून कापडाची पट्टी चिकटवली आहे.

रागावण्याचं म्हणशील तर ते आठवड्याभरात ओसरेल. भावजयबाईंना सांग की घाई करू नकोस. आणि तू गुडघ्यांना तेल लाव.

इतकंच. माया होती तेवढीच आहे, काळजी नको.

तुझी,
ताई

*

दि. १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काय लिहावं समजत नाही, म्हणून झालं तसंच लिहितो.

पुडकं आलं तेव्हा टिल्ली खुशीत होती. मांडीवर बसली. पहिलं दार उघडलं, हत्ती बघून हसली. बंद केलं, परत उघडलं, परत हत्ती. इथवर उत्तम. मग पान उलटलं, दार उघडलं आणि जिराफ निघाला. तिनं हसणं थांबवलं. हत्ती कुठे गेला म्हणून विचारलं. मी म्हटलं, उतरला असेल. तिनं विचारलं, कुणी बघितलं? तिनं मागचं पान काढलं, पुढचं काढलं, परत मागचं. अस्वलापर्यंत पोचलो तेव्हा तिचे ओठ थरथरत होते. मग ती उठली, पुस्तक दोन्ही हातांनी धरून न्हाणीघरात गेली आणि कपड्यांच्या बादलीत टाकून वर झाकण लावून आली. तुझी कापडाची पट्टी टिकली, बाकी रंग उतरला. मला फार वाईट वाटलं.

त्यातून एक आगाऊपणा मी केला. म्हटलं, चित्रापेक्षा खरं दाखवावं. तुझ्या लिफ्टला काउंटरवेट नव्हतंच, म्हणजे पेटी वर जाते तेव्हा दुसऱ्या बाजूनं खाली येणारं वजन. ते नसेल तर लिफ्ट चालेल कशी? म्हणून जिन्यानं गच्चीवर नेऊन तिला मशीनरूम दाखवली. मोटर, चाक, दोर, सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की माणसं कुठे बदलतात. मी म्हटलं, माणसं मजल्यावर चढतात-उतरतात, इथे नाही. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी लपवतोय.

आता ती संध्याकाळी लिफ्टसमोरसुद्धा उभी राहत नाही. दाराच्या फटीतून बघते. आईला प्रश्न विचारणं चालूच आहे, उलट वाढलंय. तुझी भावजय सगळ्यांची हसून उत्तरं देते. तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. दिवसभर काम करून येते, पण चेहऱ्यावर आठी नाही, आवाज चढत नाही. परवा टिल्लीनं दूध सांडलं तरी एक अक्षर बोलली नाही. मलाच कसंतरी झालं.

ताई, मला काही कळेनासं झालंय. लिफ्टला घाबरते की आईवर रागावली आहे की दोन्ही? तुला काही दिसतं का?

लोभात अंतर पडू देऊ नये.

तुझा,
धाकटोबा

*

दि. १८ फेब्रुवारी

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुमच्या धाकटोबांनी काल लिहिलंच असेल. मी हे कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. घरी डोळ्यांत पाणी आलं तर कोणीतरी बघतं, इथे सगळ्यांचेच डोळे भिंगं बघून लाल असतात, त्यात खपून जातं.

रोज संध्याकाळी माझी परीक्षा असते. टिल्ली विचारते, मी उत्तर देते. बाहुलीला काय झालंय? ताप आलाय. कोणत्या कपात दूध पिते? कान तुटलेल्या. निळ्या मोज्याला कुठे भोक आहे? अंगठ्याशी. एकही चुकू नये म्हणून मी येताना बसमध्ये सगळं आठवत बसते. आणि ताई, प्रत्येक उत्तर बरोबर आलं की तिचा चेहरा आणखी पडतो. शाळेत मला कधी इतके गुण मिळाले नव्हते आणि इतकं नापासही कधी वाटलं नव्हतं.

मी काय चुकते आहे? दिवसातला थोडाच वेळ तिच्या वाट्याला येतो, म्हणून तेवढ्या वेळात रागवायचं नाही असं मी कामावर रुजू झाल्या दिवशीच ठरवलं. तुम्हाला माहीत आहे, मी मूळची भडकू. घरी होते तेव्हा दिवसातून कितीदा तरी माझा आवाज चढायचा. आता पसारा असो, सांडलवंड असो, मी हसते. गाल दुखतात, पण हसते. तरी ती माझ्या अंगाला हात लावू देत नाही. झोपायलासुद्धा बाबाच हवा.

काल मात्र एक धागा हाती लागला. मास्तरीणबाई म्हणाल्या की टिल्ली दारातून लिफ्टवर पाळत ठेवून असते. बॅगवाले काका आत गेले, दार लागलं, दार उघडलं तर कुत्र्यावाल्या बाई बाहेर आल्या. आजोबा आत गेले आणि दूधवाला बाहेर आला. टिल्लीनं त्यांना विश्वासात घेऊन सांगितलं की लिफ्ट माणसं बदलते. सकाळी तिची आई आत जाते, आणि संध्याकाळी तिच्यासारखी दिसणारी कुणीतरी बाहेर येते. तिच्या अंगाला भिंगं पुसायच्या औषधाचा वास येतो.

म्हणजे ती रागावलेली नाही. ती मला ओळखत नाही. यातलं बरं कुठलं ते मला ठरवता येईना. सुपरवायझरबाईंना या आठवड्यात नाही म्हणून सांगावं असं मनात आहे. इथे खिडकीपाशी माझी जागा आहे, काम हाताला बसलंय, सगळं खरं. पण मुलीला परकी वाटून ते कसं करू?

रागावू नका, मन मोकळं केलं. आपला लोभ आहे तो राहू द्यावा.

आपली,
भावजय

*

दि. २२ फेब्रुवारी

चि. सौ. भावजयबाईंस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि डोक्यावर हात मारून घेतला.

म्हणजे बघ, पोरीला शंका होती की लिफ्ट माणसं बदलते, आणि मी इथून रंगीत पुरावा धाडला. दार लावा, पान उलटा, दार उघडा, हत्तीचा जिराफ! बादलीत टाकलं यात तिची काही चूक नाही. मीच जाऊन टाकायला हवं होतं. आणि मी ऐटीत लिहिलं होतं की माझी रीत अजून फसलेली नाही. ते पत्र धाकटोबानं जपून ठेवलं असेल तर फाडायला सांग.

दोन दिवस विचार करत होते. आमच्या धंद्यात सगळी मजा पान उलटण्यात असते. उलटेपर्यंत पुढचं दिसत नाही, म्हणून मूल उलटतं. टिल्लीला नेमकं तेच नकोय. तिला मधलं बघायचंय. तेव्हा या वेळी पान उलटायचंच नाही. पंख्यासारख्या घड्या घातलेली एकच लांब पट्टी करते, सगळी एकदम उघडता येईल अशी. इमारतीची पुढची भिंत काढून टाकते. म्हणजे तू घरातून निघालीस, लिफ्टमध्ये शिरलीस, सहावा, पाचवा, चौथा, प्रत्येक मजल्यावर तूच आत उभी दिसशील. खाली उतरलीस, बस पकडलीस, कारखान्यात गेलीस, परत आलीस. कुठे क्षणभरही दिसेनाशी होणार नाहीस.

पण मला तुझा दिवस ठाऊक नाही. खरं सांगायचं तर कधी विचारलाच नाही. तेव्हा बसतेस कुठे, हातात काय असतं, जेवतेस कुणाबरोबर, सगळं लगेच लिहून पाठव. धाकटोबाला म्हणावं, काउंटरवेट काढते, आता तरी थंड हो.

बरोबर उत्तरांनी तिचा चेहरा का पडतो, ते मात्र मला उमगलेलं नाही. पट्टी येईपर्यंत सुपरवायझरबाईंना काही बोलू नकोस. एवढं माझं ऐक.

आशीर्वाद आहेतच. माझ्यावरचा विश्वास उडाला असेल तर थोडा उसना ठेव.

तुझी,
ताई

*

दि. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पट्टी पोचली. दारापासून उलगडायला घेतली ती ओट्याखालून फिरून परत दारापाशी आली. तुझ्या भावजयीनं दिवस लिहून पाठवला होता, तो तू असा काढलास की मीच तासभर जमिनीवर बसून बघत होतो. हिच्या टेबलावरचा दिवा, केसांवरची जाळी, भिंग उजेडात तिरकं धरून त्यातला बुडबुडा शोधणं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही तिथे डोळ्यांना विसावा म्हणून मधूनमधून खिडकीतून लांबच्या झाडाकडे बघते, हे मला तुझ्या चित्रातून कळलं. काउंटरवेट झकास आहे. दोर एक कमी आहे, पण ते जाऊ दे.

टिल्ली पोटावर पालथी पडून बोटानं आईचा माग काढत गेली. लिफ्टपाशी फार वेळ थांबली. प्रत्येक मजल्यावर आई आहे याची खात्री केली, मग पुढे सरकली. दुसऱ्या दिवशी आपणहून माझं बोट धरून लिफ्टमध्ये आली. डोळे मिटले होते, पण आली. आता तर बटण तीच दाबते आणि लोकांना दारापासून मागे व्हायला सांगते. बॅगवाल्या काकांना तिनं काल सगळ्यांसमोर सांगितलं की तुम्ही बदलत नाही, तुम्ही फक्त उतरता. ते बिचारे हो म्हणाले.

इथे पत्र संपायला हवं होतं, ना? पण नाही. लिफ्टची भीती गेली, आणि आईचं मात्र जिथल्या तिथे आहे. संध्याकाळी दार उघडलं की परत माझ्या मागे. परत प्रश्न. मी तिला पट्टी दाखवली, म्हटलं बघ, सकाळी गेली तीच संध्याकाळी आली, मधे कुठे बदलली का? तिनं मान हलवली. लिफ्टमध्ये बदलत नाही हे तिला पटलंय. मग म्हणाली की ही चित्रातलीपण आई नाही.

ताई, माझं डोकं चालत नाही. चित्रात नाक तिचं, कोट तिचा, चपलासुद्धा तिच्याच. मग नाही कशी? तुझी भावजय हे ऐकत उभी होती. काल तिनं कारखान्यात नाही म्हणून सांगून टाकलं. सुपरवायझरबाई म्हणाल्या, सोमवारपर्यंत विचार कर, मग तुझी जागा दुसरीला देते. घरी येऊन तिनं पांढरा कोट धुतला, इस्त्री केली आणि परत द्यायला म्हणून पिशवीत ठेवला. टिल्लीशी हसून बोलली. मला ते बघवेना.

तुला काही सुचलं तर लिही. नाही सुचलं तरी लिही. लोभ आणि धीर दोन्ही हवेत.

तुझा,
धाकटोबा

*

दि. ७ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

आधी वाईट बातमी. तुमचं पुस्तक खराब झालं आहे.

काल शनिवार, अर्धाच दिवस होता. लवकर घरी आले तर तुमचे धाकटोबा ओट्याशी भांडी घासत होते आणि टिल्ली जमिनीवर पट्टी पसरून तिच्यावर आडवी पडली होती. हातात काळा खडू. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी वाकून बघते तर पहिल्या घडीपासून शेवटच्या घडीपर्यंत, जिथे जिथे मी आहे तिथे तिथे, माझ्या तोंडावर तिनं जाडजूड काळ्या भुवया काढलेल्या. मधे खाली ओढलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. लिफ्टमध्ये, बसमध्ये, भिंगांच्या टेबलाशी, सगळीकडे. तुम्ही इतक्या नाजूकपणे काढलेलं माझं हसू तिनं खडूनं घासून घासून पुसलं होतं आणि तिथे उलटं तोंड काढलं होतं. कागद दोन ठिकाणी फाटला होता.

ताई, मला काय झालं ते सांगते. तुम्ही रात्रंदिवस बसून केलेलं काम ते. पहिलं बादलीत गेलं, दुसऱ्याची ही दशा. मी ठरवलेलं सगळं विसरले. पिशवी खाली आपटली आणि ओरडले. चांगली ओरडले. आत्यानं तुझ्यासाठी एवढ्या मायेनं केलं आणि तू त्याची वाट लावलीस, खडू कुणी दिला, ऊठ तिथून, असं सगळं एका दमात. महिना-दीड महिन्याचं साठलेलं होतं, त्यातलं बरंच काही बाहेर आलं. दुधाचंही आलं. तुमचे धाकटोबा साबणाच्या हातांनी तसेच उभे राहिले.

टिल्लीनं मान वर केली. माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता रडेल. ती उठली, जवळ आली, आणि मी खरंच रागावले आहे का म्हणून विचारलं. मी म्हटलं, हो, खूप. तिनं पाय उंच करून माझ्या कपाळाला हात लावला. भुवयांच्या मधे, जिथे आठी पडते तिथे. बोटानं दाबून बघितलं. मग वळली आणि बाबाला ओरडून सांगितलं की आई आली.

मी खाली बसले. ती मांडीत आली, सगळं अंग सैल सोडून, घरी होते तेव्हा यायची तशी. मला रडू आवरेना. तिनं मला विचारलं की इतके दिवस कुठे होतीस. मी म्हटलं, इथेच होते गं. तिला ते फारसं पटलं नाही, पण तिनं जाऊ दिलं. मग मला सांगायला लागली की तू नव्हतीस तेव्हा इथे एक बाई यायची, ती सारखी हसायची, आणि तिला सगळं बरोबर यायचं.

मला तर निळ्या मोज्याचं भोकही कधी धड आठवत नसे, ताई. बाहुलीचं नाव मी रोज चुकायचे आणि ती माझ्यावर खेकसायची. ही पाठांतर करून, गाल ताणून घरी येणारी बाई मुलीला माझ्याआधी ओळखू आली. मी उगाच लिफ्टला आणि कारखान्याला दोष देत बसले.

आज सकाळी तिनं बाहुलीचं नाव विचारलं. मी चुकले. मुद्दाम नाही, खरंच चुकले. ती हसत हसत घरभर पळाली.

इस्त्री केलेला कोट पिशवीतून काढून परत खुंटीला लावला आहे. उद्या सोमवार. सुपरवायझरबाईंना सांगेन की मी येते आहे. त्या विचारतील की मधेच काय झालं होतं, आणि मला काही सांगता येणार नाही. बघू.

पट्टीवरच्या भुवया पुसायचा प्रयत्न करू नका, आणि नवी काढून पाठवायच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. टिल्ली ती उशाशी घेऊन झोपते. पुढेमागे तुमच्या संपादकबाईंनी हे पुस्तक छापायचं ठरवलं, तर माझी तेवढी एकच अट आहे. भुवया तशाच ठेवायच्या.

आपला लोभ असावा, आणि अधूनमधून रागही.

आपली,
भावजय